श्प्रेंगरिंगचं भाषांतर

चहा ओतून घ्या आधी, कारण मी एकदा सुरू झाले की मध्ये कुणाला उठू देणार नाही. हा पराक्रम आमच्या ह्यांनी आतापर्यंत निम्म्या सदाशिव पेठेला सांगून झालाय, तोही त्यांच्या पद्धतीने. म्हणजे शब्द कमी आणि अपमान जास्त. म्हटलं, निदान तुम्ही तरी माझ्या तोंडून ऐका.

मी जर्मनचे क्लास घेते. वीसेक वर्षं होत आली. घराच्याच पुढच्या खोलीत बाकं टाकली आहेत. माझ्या हाताखालून गेलेली मुलं आज जर्मनीत कुठे कुठे स्थिरावलीत, आणि मी मात्र अजून जर्मनी पाहिलेली नाही. जायचं ठरलं की काहीतरी निघतं. एकदा सासूबाईंचं ऑपरेशन निघालं, एकदा मुलीची बारावी. एकदा तर व्हिसा हातात आला आणि साऱ्या जगानेच दारं लावून घेतली. मग मी काय करते, मनातल्या मनात जाऊन येते. मुलं पेपर लिहीत असतात, मी खिडकीशी उभी असते, आणि समोरच्या दातांच्या डॉक्टरांची पाटी बघता बघता कुठल्यातरी नदीकाठच्या गावात पोचलेली असते. आमचे हे म्हणतात, हिला सोडायला स्टेशनवर जावं लागत नाही, हिची गाडी घरातूनच सुटते.

तर फेब्रुवारीतली सकाळ. हवेत अजून शाल लागेल इतका गारवा. केतकीचा फोन आला. माझी जुनी विद्यार्थिनी, खडकीला राहते. ऑफिसला जाता जाता तिने पाहिलं होतं की एक जर्मन जोडपं भला मोठा ट्रक घेऊन टायरच्या दुकानासमोर अडकलंय. ट्रकमध्येच राहतात, ट्रकमधूनच जग फिरतात. इंग्रजी धड येत नाही, आणि तो माणूस चाकाला कुणाला हात लावू देत नाहीये. तिला थांबायला वेळ नव्हता. म्हणाली, मॅडम, तुम्ही याल का?

येईन का? अहो, मी फोन ठेवायच्या आधी कपाट उघडलं होतं. इरकल नेसले, केसांत फूल माळलं. ह्यांनी पेपरातून डोकं वर काढून विचारलं, कुणाचं लग्न आहे? म्हटलं, जर्मन लोक आलेत. हे म्हणाले, आपल्याकडे कशाला, आणि पुन्हा पेपरात गेले. मी रिक्षा केली आणि खडकी गाठली.

रिक्षातून उतरले आणि बघतच राहिले. रस्त्याच्या कडेला जुनी पर्जन्यवृक्षाची झाडं आहेत ना, त्यांच्या सावलीत तो ट्रक उभा होता. वाळूच्या रंगाचा. चाकं माझ्या खांद्याला लागतील एवढी. मागच्या बाजूला ट्रकच्या हौद्याच्या जागी चक्क एक छोटं घर बसवलेलं, त्याला छोट्या खिडक्या, खिडक्यांना निळे पडदे. एका खिडकीत पत्र्याच्या डब्यात पुदिना लावलेला. पानांतून उन्हाचे कवडसे पडत होते आणि तो पुदिना त्यात हलत होता. मला वाटलं, हेच. माझ्या मनातली ती गाडी बाहेर कशी दिसते, हे मला आजवर माहीत नव्हतं एवढंच.

मागचं एक चाक पार बसलं होतं. त्या चाकासमोर हात पसरून एक उंच, पांढऱ्या दाढीचा माणूस उभा होता. तो योर्ग. त्याची बायको उटे आत काहीतरी आवरत होती, भांड्यांचा आवाज येत होता. दुकान रफीकभाईंचं. त्यांच्या आजोबांपासून खडकीत टायरचंच काम. पण ते तिथे नव्हते. योर्गने तीनदा अडवल्यावर ते वैतागून म्हणाले होते, यांचं ठरू द्या, मी तोवर मोठी टामी घेऊन येतो. आणि स्कूटर काढून निघून गेले होते. टामी म्हणजे टायर उचकटायची लांब लोखंडी पहार. ही सगळी हकिकत मला दुकानाशेजारच्या चहाच्या गाडीवर बसलेल्या एका आजोबांनी सांगितली. पांढरी टोपी, कडक इस्त्री, ताठ पाठ. जगताप त्यांचं नाव. दारूगोळ्याच्या कारखान्यात सबंध नोकरी झाली होती, तीही सुरक्षेच्या खात्यात. हे लक्षात ठेवा, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला माझंच वेड वाटेल.

मी योर्गसमोर जाऊन उभी राहिले आणि रिक्षात जुळवून ठेवलेलं वाक्य म्हटलं. आमच्या प्राचीन आणि विद्याप्रेमी नगरीत आपलं मनःपूर्वक स्वागत असो, वगैरे. व्याकरणात एक चूक नाही. सगळी क्रियापदं जिथल्या तिथे. योर्गचा चेहरा उजळला. त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि तो बोलू लागला.

आणि मला एक अक्षर कळलं नाही.

हसू नका. तो दक्षिणेकडच्या डोंगरातला. पुस्तकातलं मराठी शिकलेल्या माणसाला थेट मालवणात नेऊन उतरवावं, तसं माझं झालं. मधूनच एखादा ओळखीचा शब्द वर यायचा आणि पुन्हा बुडायचा. माझं बोलणं त्याला सगळं कळत होतं, त्याचं मला काही नाही. आता अशा वेळी शहाण्या बाईने काय करावं? सांगावं, बाबा रे, जरा हळू बोल. मी काय केलं? मी मान डोलावून म्हणाले, "या, या, नातुऽर्लिश." म्हणजे हो हो, अर्थातच. वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला कळत नाही असं म्हणवत नाही हो.

तेवढ्यात त्याने चाकाकडे बोट दाखवून एक शब्द अगदी स्वच्छ उच्चारला. दोनदा. "श्प्रेंगरिंग." आणि दोन्ही हात हवेत उडवून तोंडाने मोठ्ठा आवाज काढला.

हा शब्द मला अडला नाही. म्हणजे आधी कधी ऐकला नव्हता, पण फोड करता येत होती. जगतापांनी गाडीवरूनच विचारलं, काय म्हणतोय तो? मी जरा ऐटीतच सांगितलं, की तो म्हणतोय चाकात स्फोटाची रिंग आहे.

जगतापांनी हातातला ग्लास खाली ठेवला. उठून माझ्याजवळ आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, मनाचं घालू नका. शब्दाला शब्द सांगा."

"श्प्रेंगन म्हणजे सुरुंग लावून उडवणं. रिंग म्हणजे आपली रिंगच."

आणि ते खरंच आहे. मी वाचलेल्या युद्धाच्या कादंबऱ्यांत सगळे पूल श्प्रेंगन करूनच उडवले होते. मला तो शब्द पाठ होता. फक्त तो शब्द चाकात काय करतोय, हा प्रश्न मला पडायला हवा होता, तो पडला नाही.

जगतापांना मात्र पडला. त्यांनी मला विचारायला लावलं, अशा किती रिंगा आहेत? मी विचारलं. योर्ग खूश होऊन एकेका चाकाकडे बोट दाखवत मोजायला लागला, आणि शेवटी त्याने टपावर बांधलेल्या जादा चाकाकडे बोट केलं. आकडे कळतात मला. सांगितलं, प्रत्येक चाकात एक आणि वरती एक शिल्लक. मग विचारलं, कशासाठी? उत्तरातला वाळवंट हा शब्द तेवढा माझ्या हाती लागला. मी सांगितलं, वाळवंटासाठी. मग, सीमेवर कुणी तपासलं नाही का? योर्ग अभिमानाने छाती ठोकून काहीतरी म्हणाला, त्यात 'ओरिजिनाल' हा शब्द होता. सांगितलं, तपासलं नाही, पण माल अस्सल आहे.

जगतापांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, त्या माणसाने आयुष्यभर ज्या दिवसाची तयारी केली तो दिवस कारखान्यात कधी आला नाही, आणि आता चहाच्या गाडीवर येऊन उभा राहिला. आरडाओरडा अजिबात केला नाही त्यांनी. आधी चहावाल्याचा स्टोव्ह बंद करायला लावला. विडी ओढणाऱ्या एकाच्या ओठांतून स्वतः विडी काढून घेतली. मग सगळ्यांना एका रांगेत, न पळता, पलीकडच्या मैदानाच्या भिंतीमागे नेऊन बसवलं. बसमधून उतरलेली माणसंसुद्धा काही न विचारता त्या रांगेत आली. पुण्यात रांग दिसली की माणूस थांबतो, कारण नंतर विचारतो.

मीही भिंतीमागे बसले. आणि खरं सांगू? मला भीती वाटली ती ट्रकची नव्हती. मला वाईट वाटत होतं. एवढी गोड माणसं, असा पुदिना, असे निळे पडदे, आणि चाकांत हे. भिंतीवरून मला ती खिडकी दिसत होती. आत उशाशी खिडकी असणार, रोज सकाळी डोळे उघडले की निराळं झाड दिसत असणार, असं मी भिंतीमागे उकिडवी बसल्या बसल्या बघत होते. तिकडे जगताप शेजारी बसून फोन लावत होते. बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकात त्यांच्या ओळखीचा कुणी होता म्हणे. केतकीने मला फोनवर सांगितलं होतं की त्या दोघांना दक्षिणेत बंदरावर जहाज गाठायचंय, ट्रक त्यातून आफ्रिकेला जायचाय. तो फोन लागला असता तर ट्रक महिनाभर खडकीतच राहिला असता आणि ती दोघं कुठे असती कोण जाणे. पण तेव्हा मला वाटत होतं, मी शहर वाचवतेय.

रस्त्यावर योर्ग एकटा उभा राहिला होता, हात पसरलेले तसेच. सगळे कुठे गेले त्याला कळेना. त्याने आत हाक मारली. उटे बाहेर आली. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, एप्रन लावलेली. दोघांचं काही बोलणं झालं. ती हसली, आत गेली आणि एक भलं मोठं लोखंडी कडं घेऊन बाहेर आली. एका जागी चिरलेलं, थाळीपेक्षा कितीतरी मोठं. ते दोन्ही हातांत धरून ती भिंतीच्या दिशेने चालायला लागली आणि लांबूनच माझ्याकडे बघून म्हणाली, "श्प्रेंगरिंग!"

मी म्हणाले, "पळा."

मोठ्याने नाही म्हणाले, पण रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचलं. सगळे उठले. आम्ही मैदानातून पुढे आणि ती बाई कडं घेऊन मागे. तिला वाटत होतं आम्हाला नीट दिसलं नाही. जसजसे आम्ही लांब जात होतो तसतशी ती ते आणखी उंच धरत होती. इरकल नेसून पळून बघा कधीतरी. जगताप मात्र पळाले नाहीत. ते एका हाताने सगळ्यांना मागे सारत, दुसऱ्या हाताने फोन कानाला लावून, तिच्यासमोर उभे राहिले. मनात आणलं असतं तर मी तेव्हा त्यांच्या पाया पडले असते.

तेवढ्यात रफीकभाई स्कूटरवरून आले. मागे टामी बांधलेली. आपलं दुकान ओस, चहाची गाडी ओस, आणि मैदानात एक गोरी बाई गावाच्या मागे लागलेली, हे पाहून त्यांनी स्कूटर तशीच मैदानात घातली. उटेच्या हातातलं कडं घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि जगतापांना विचारलं, "काका, ही लॉक रिंग घेऊन सगळे कुठे चाललेत?"

जगतापांनी फोन बंद केला. अजून कुणी उचलला नव्हता. मग ते माझ्याकडे वळले. टोपी नीट केली. मग म्हणाले, "बाई, आपण क्लास घेता ना? पत्ता देऊन ठेवा. नातीला जर्मन शिकवायचंय. कुठे घालायचं नाही, ते तरी नक्की होईल."

उटेने मग मला ट्रकच्या पायरीवर बसवलं, पुदिन्याचा चहा दिला आणि अगदी सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं समजावून सांगितलं. तिचं बोलणं मला सगळं कळत होतं. आधी हिच्याशीच बोलले असते तर. मोठ्या चाकाची तबकडी अखंड नसते, तुकड्यांची असते. टायर एका बाजूने सरकवून बसवायचं आणि मग हे कडं खाचेत बसवून ते जागेवर धरून ठेवायचं. कडं ताणून सोडलं की उडी मारून खाचेत बसतं, म्हणून ते श्प्रेंगरिंग. आणि श्प्रेंगन याच शब्दाने आम्ही बागेला पाणीही घालतो, असं तिने वर सांगितलं. म्हणजे माझ्यासमोर झारी होती, चाक होतं, आणि मी नेमका सुरुंग उचलला होता. योर्गचं म्हणणं एवढंच होतं, की चाकात हवा असताना त्या कड्याला पहार लावू नका, ते उसळून माणसाला लागतं. तेव्हा अगदीच काही चुकीचं भाषांतर नव्हतं माझं. हे मी जगतापांनाही सांगून पाहिलं. त्यांनी पाठ फिरवली.

मग काम सुरू झालं, आणि त्यात माझी कुणाला गरज लागली नाही. रफीकभाईंनी वॉल्व्हमधली पिन काढून उरलीसुरली हवा सोडली. ती किती वेळ जात होती, एखाद्या म्हाताऱ्या माणसाने सगळं सांगून झाल्यावर सुस्कारा टाकावा तशी. योर्ग शेजारी बसून मान हलवत राहिला. मग चाक आडवं केलं, रफीकभाईंनी रबराच्या कडेला घणाचे घाव घातले, योर्गने टामी लावली, आणि ते कडं असं नाजूक आवाज करत सुटलं, की वाटावं कुणीतरी तंबोऱ्याची तार छेडली. योर्ग त्याच्या भाषेत बोलत होता, रफीकभाई त्यांच्या भाषेत, आणि दोघांचं एकदाही अडलं नाही. आतली ट्यूब बाहेर आली, सुस्त, काळी, झोपलेल्या जनावरासारखी. ठिगळ लावून झाल्यावर तिला भुकटी चोळली. बाळाला न्हाऊ घातल्यावर येतो तसला वास सुटला. मी पायरीवर बसून चहा पीत होते, वरून पानं पडत होती, आणि मी केव्हाच निघाले होते. माझ्या लेखी ते खडकी राहिलंच नव्हतं. कुठल्यातरी वाळवंटाच्या कडेला आमचं चाक बसलं होतं, आम्ही ते बदलत होतो, आणि संध्याकाळपर्यंत पुढच्या विहिरीशी पोचायचं होतं.

हवा भरताना मात्र रफीकभाईंनी चाकाला साखळी गुंडाळली आणि सगळ्यांना लांब व्हायला सांगितलं. हे ऐकताच जगताप पुन्हा ताठ झाले. त्यांनी सगळ्यांना परत एकदा भिंतीमागे नेलं, स्टोव्ह परत बंद करवला. या वेळी कुणी तक्रार केली नाही. हवा भरत गेली, टायर फुगत गेलं, आणि मग 'टण्ण' असा आवाज होऊन कडं जागेवर बसलं. भिंतीमागून टाळ्या वाजल्या. योर्गने रफीकभाईंना मिठी मारली, जगतापांना मारली, आणि मलाही म्हणाला काहीतरी.

मी म्हणाले, "या, या, नातुऽर्लिश."

तुम्ही कपाळाला हात लावू नका, मी लावून झालाय. मला वाटलं, घरी सोडू का असं विचारतोय. हावभाव तसाच होता, गाडीकडे हात, मग माझ्याकडे. त्यांनी मला वर घेतलं. वर म्हणजे अक्षरशः वर. दोघांनी मिळून चढवलं. पुढच्या बाकावर, खिडकीशी. निघायच्या आधी उटेने फोन नंबर मागितला, मी सवयीने क्लासचा दिला. तो फोन घरी ह्यांच्याकडे असतो, प्रवेशाच्या चौकशा तेच घेतात.

आणि ट्रक निघाला. काय सांगू तुम्हाला, पुणं इतक्या उंचावरून मी कधी पाहिलंच नव्हतं. बसथांब्यांची छपरं वरून दिसत होती, त्यावर कुणाच्या चपला, कुणाचा चेंडू. झाडांच्या फांद्या काचेवरून हात फिरवून जात होत्या. एका पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत एक बाई केस वाळवत होत्या, त्यांची माझी नजर अगदी समोरासमोर झाली आणि आम्ही दोघी ओळखीचं हसलो. इंजिन घुमत होतं, उटे मधूनच हलकेच काहीतरी गुणगुणत होती. एवढी मोठी गाडी पेठेत शिरणार नाही हे मला कळत होतं. म्हटलं, चांदणी चौकात सोडतील, तिथून कोथरूडच्या बसने जाईन. चांदणी चौक आला तेव्हा मी बहुतेक डॅन्यूबच्या काठी होते. तो गेला. वारजे गेलं. मला गार वारा लागत होता, डोंगर जवळ येत होते, आणि इतका सुंदर प्रवास आजवर झाला नव्हता, एवढंच मनात होतं.

मग एकदम अंधार झाला. मी दचकले. डोळे फाडून बघते तर आम्ही कात्रजच्या बोगद्यात.

बोगद्यापलीकडे उजेडात आल्यावर माझ्या ध्यानात आलं की योर्गने विचारलं होतं ते 'आमच्याबरोबर थोडं येता का', असं काहीतरी असणार, किंवा 'तुमचं घर आमच्याच वाटेवर आहे का'. यांतलं नेमकं कुठलं, हे मला आजतागायत माहीत नाही. तेव्हाच सांगून टाकायचं, की बाबांनो, माझं घर मागे राहिलं, चूक झाली. पण सकाळी अख्खी खडकी पळवली होती मी. त्याच दिवशी पुन्हा सांगायचं, की तेही कळलं नव्हतं आणि हेही कळलं नाही? जीभ उचलेना. खेड शिवापूर आलं. योर्ग गाडी हळू करून माझ्याकडे बघत म्हणाला, त्यातलं 'घर' आणि 'कुठे' हे दोनच शब्द कळले.

मी बोट दाखवलं. रस्त्यालगत एक घर होतं. पुढे गुलाबाच्या रोपांची नर्सरी, ऐसपैस ओटा, ओट्यावर बोगनवेल. दाखवायचंच तर जरा बरं घर दाखवावं.

मला वाटलं, उतरवतील आणि जातील. पण ती माणसं मायाळू. दोघंही खाली उतरली, मला घरापर्यंत पोचवायला निघाली. दारात एक गृहस्थ रोपांना पाणी घालत होते. धोतर, मिश्या, खांद्यावर टॉवेल. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन हसत हसत, ओठ न हलवता म्हणाले, "दादा, मी सगळं सांगते नंतर. आत्ता फक्त हसा."

"हसाय काय झालंय?" ते म्हणाले. पण माणूस भला. हसले. पाहुणे म्हटल्यावर पाइप खाली ठेवून हात जोडले. बाकीची मंडळी शेतावर गेली होती, हे माझं नशीब. उटेला फार आनंद झाला. तिने आम्हा दोघांना बोगनवेलीखाली शेजारी शेजारी उभं केलं, मोबाइल धरला आणि त्यांच्याकडे बोट करून मला एक छोटासा प्रश्न विचारला. तो मला पूर्ण कळला. शब्दन् शब्द. पण नकार द्यायच्या आधी जीभ आपल्या वळणाने गेली होती.

"या, या, नातुऽर्लिश."

फोटो निघाला. त्यांनी दोघांना मिठ्या मारल्या, त्या गृहस्थांनाही, आणि ट्रक साताऱ्याच्या दिशेने निघून गेला. तो वळणाआड जाईपर्यंत मी आणि ते गृहस्थ जोडीने हात हलवत होतो. मग मी ओट्यावर बसून त्यांना सगळी हकिकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली, मला पाणी दिलं, आणि विचारलं, आता घरला कसं जानार?

म्हणून ह्यांना फोन लावला. म्हटलं, अहो, मी जरा खेड शिवापूरला आहे, गाडी घेऊन न्यायला येता का? कसं, काय, ते आल्यावर सांगते.

पलीकडे पेपर खाली ठेवल्याचं ऐकू आलं. मग ह्यांचा आवाज आला, अगदी थंड.

"क्लासच्या फोनवर फोटो आलाय. खाली लिहिलंय, अरुंधती, तिचा नवरा आणि त्यांचं सुंदर घर. एवढं जर्मन मलाही येतं."

मी काहीतरी बोलायला गेले, पण ह्यांचं व्हायचं होतं.

"नवरा उमदा आहे. घर तर आपल्यापेक्षा पुष्कळच मोठं दिसतंय. मला एवढंच सांग, न्यायला मी येऊ, की आता त्यांना विचारावं लागेल?"